रेड स्पेशल घरी बनवायची तर: लाकूड, सुरीची धार आणि सहा स्विच

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ ही गिटार आज साध्या हत्यारांनी पुन्हा बनवता येईल का? कोणता भाग मुळाबरहुकूम हवा आणि कुठे तडजोड चालते? या प्रश्नाचे हे उत्तर.

बनवता येते. रंधा, कानस आणि सोल्डरिंग आयर्न या तिन्हींची सवय असेल तर सुट्टीच्या दिवसांत काम करून साधारण वर्ष धरा. मूळ गिटारला सुमारे दोन वर्षे लागली होती. पण नक्कल करणारे बरेच जण भलत्याच गोष्टींच्या मागे लागतात. शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, किडीच्या भोकांत ठोकलेल्या आगकाड्या, ट्रेमोलोच्या (तारा सैल करून सूर हलवायच्या) दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई या गोष्टी ऐकायला गोड आहेत, आवाजात त्यांचा वाटा नगण्य आहे. या गिटारचा स्वभाव तीन ठिकाणी ठरतो: तारेच्या वाटेत घर्षण किती आहे, तीन पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारी चुंबकाभोवतीची वेटोळी) एकमेकांना कसे जोडले आहेत, आणि गिटारपुढे काय लावले आहे. म्हणून लाकडावर कमी आणि या तिन्हींवर जास्त लिहितो.

आधी मूळ वस्तू समजून घ्या. ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनच्या पश्चिमेला फेल्टममधल्या घरी काम सुरू झाले. ब्रायन १६ वर्षांचे होते, वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. विकतची फेंडर किंवा गिब्सन परवडणारी नव्हती. साहित्याचा खर्च सुमारे ८ पौंड आला. पुढे बसवलेले बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप प्रत्येकी ३ गिनीला, म्हणजे तिघांचे मिळून साडेनऊ पौंडांच्या आसपास. सगळ्या गिटारपेक्षा पिकअप महाग पडले, आणि ते योग्यच होते, हे पुढे कळेल. (हीच गिटार ज्यांच्या गळ्याला पुढे साथ देणार होती ते फ्रेडी मर्क्युरी साधारण त्याच सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतले शिक्षण संपवून झांझिबारला परतले होते.)

लाकडापासून सुरुवात करू. मूळ नेक (गिटारची मान) जुन्या शेकोटीच्या महोगनीचा आहे. त्यातले घेण्यासारखे तत्त्व एकच: अनेक वर्षे घरात वाळलेले लाकूड पुन्हा फारसे हलत नाही. आपल्याकडे त्याच्या तोडीचा माल म्हणजे जुन्या वाड्याच्या चौकटीचे किंवा तुळईचे सागवान. घेताना लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधा, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच हाताला जाईल. कीड जुनी असेल तर भोक बुजवता येते. ठोकल्यावर ताजा पिवळसर भुसा गळत असेल तर भुंगा अजून जिवंत आहे, तो तुकडा सोडून द्या. ठोकळा नेकच्या आकारापेक्षा ५ मिमी जास्त ठेवून कापा, दोन महिने सावलीत पडू द्या आणि दर आठवड्याला वजन करा. सलग तीन आठवडे वजन बदलले नाही की मगच अंतिम आकार द्या. हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. पावसाळ्यात आकार दिलेला नेक डिसेंबरमध्ये आकसतो आणि फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला बोचतात.

मूळ नेक फार जाड आहे आणि ही जाडी उपयोगाची आहे. जाड नेक कमी वाकतो, तारेची शक्ती कमी खातो. तुमचा हात लहान असेल तर थोडा बारीक करा, पण पहिल्या फ्रेटपाशी २३ मिमीच्या खाली जाऊ नका. ट्रस रॉड (नेकच्या आतली पोलादी सळई) मुळात आहे, तुम्हीही घाला. सागवानाला चिकटवताना एक अडचण येते: त्याच्या अंगातल्या तेलामुळे पांढरा सरस नीट धरत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजू चिकटवण्याच्या अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅसिटोनने पुसा आणि इपॉक्सी वापरा.

फ्रेटची मापे चुकली तर बाकी सगळे व्यर्थ. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिमी. फ्रेट २४, शिवाय सुरुवातीला शून्य फ्रेट. नियम सोपा आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. पहिला ३४.२१ मिमीवर येतो, पाचवा १५२.९२ वर, सातवा २०२.७४ वर, बारावा बरोबर ३०४.८ वर आणि चोविसावा ४५७.२ वर. शेवटच्या दोन फ्रेटमध्ये जेमतेम ९ मिमी जागा उरते. सगळी मापे शून्य फ्रेटपासून, एकाच पोलादी पट्टीने, पट्टी न हलवता घ्या. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर दर वेळची पाव मिलिमीटरची चूक साठत जाते आणि वरचे सूर ऐकवत नाहीत. मूळ फिंगरबोर्ड ओकचा, काळ्या रंगाचा आहे. शिसम वापरलेत तर रंगाची गरज नाही. खुणांचे ठिपके ब्रायन यांनी आईच्या शिवणाच्या पेटीतल्या शिंपल्याच्या बटणांतून घासून काढले होते. सातव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटवर दोन, बाराव्या आणि चोविसाव्यावर तीन ठिपके. शिंपला घासताना मास्क लावा, ती पूड फुफ्फुसाला वाईट.

बॉडीच्या मध्यभागी जुन्या टेबलाचा ओक आहे, बाकी ब्लॉकबोर्ड आणि वरखाली महोगनीचे विनिअर. ब्लॉकबोर्ड म्हणजे प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये मऊ लाकडाच्या पट्ट्या. फर्निचरवाल्याकडचा १९ मिमीचा बोर्ड चालतो, दोन थर मिळून ३८ मिमी. विकत घेण्याआधी कापलेली कड पाहा. पट्ट्यांमध्ये फटी दिसल्या तर नको, त्या जागी पुढे स्क्रू धरणार नाहीत आणि विशिष्ट सुरांना बॉडी खडखडेल. एमडीएफ तर अजिबात नको. मधला पट्टा, ज्यावर पिकअप, ब्रिज (तारा टेकतात तो घोडा) आणि ट्रेमोलो येतात, तो रुंदीला किमान १०० मिमी आणि एकसंध कठीण लाकडाचा हवा. दोन्ही बाजूंना पोकळ्या ठेवा. या पोकळ्या वजन कमी करण्यासाठी ठेवलेल्या नाहीत. मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्पसमोर उभे राहिल्यावर बॉडीने थरथरून तारेला पुन्हा ऊर्जा द्यावी, म्हणजे सूर लांबावा आणि त्याचे गाणारे फीडबॅक व्हावे, अशी मुळातच योजना होती. वर व्हायोलिनसारखे भोक पाडायचाही बेत होता, ते शेवटपर्यंत पाडले गेले नाही. तुम्हीही पाडू नका. बंद पोकळीचे फीडबॅक हातात राहते, उघड्या पोकळीचे राहत नाही.

नेक बॉडीत खोलवर जातो आणि एका बोल्टने, दोन लहान स्क्रूंच्या जोडीने पकडलेला आहे. खाच पटाशीने अशी करा की बोल्ट न लावता गिटार नेकने उचलली तरी बॉडी सुटू नये. खाच सैल झाली तर तिथे विनिअरची पट्टी चिकटवून पुन्हा तासा, इपॉक्सीने पोकळी भरून वेळ मारून नेऊ नका.

आता तारेची वाट. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तार सैल होते, सोडला की पुन्हा ताणली जाते. या जाण्यायेण्यात तार जिथे जिथे घासते तिथे ती थोडी अडकते आणि मूळ सुरावर परत येत नाही. साठच्या दशकातल्या विकतच्या ट्रेमोलोंची हीच दुखती बाजू होती. मे पितापुत्रांनी घर्षणाची तिन्ही ठिकाणे एकेक करून काढून टाकली.

पहिले ठिकाण माथ्याकडचे. शून्य फ्रेट तारेला उंची देतो, त्यामागची बॅकेलाइटची (कडक प्लास्टिकची) पट्टी तारांना फक्त जागेवर ठेवते, वजन पेलत नाही. माथा मागे फारच थोडा कललेला आहे. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये हा कोन १४ ते १७ अंश असतो. शिवाय खुंट्या अशा मांडल्या आहेत की तार वळण न घेता सरळ खुंटीवर जाते. नक्कल करताना माथ्याची रूपरेषा कागदावरून छापून घेतात आणि खुंट्यांची भोके डोळ्याने पाडतात, तिथे घोटाळा होतो. आधी सहा तारांच्या सरळ रेषा काढा, त्या रेषांवर खुंट्या बसवा आणि मग भोवती माथ्याचा आकार आखा. पट्टीतल्या खाचा तारेपेक्षा ०.१ मिमी रुंद ठेवा.

दुसरे ठिकाण ब्रिज. प्रत्येक तारेसाठी वेगळी फिरती चकती आहे, तार हलली की चकतीही फिरते. लेथ असलेल्या टर्नरकडून ६ मिमी व्यासाच्या सहा पितळी चकत्या करून घ्या, मध्ये तारेपुरती खाच आणि १.५ मिमीचा पोलादी आस. आस आणि भोक यांच्यातली ढिलाई ०.०३ ते ०.०५ मिमी. जास्त झाली तर तार मोकळी वाजवल्यावर सितारीच्या जवारीसारखी झणझण येते. मिरजेचे कारागीर तो आवाज मुद्दाम घोड्यावर घासून आणतात, इथे तो दोष आहे. ढिलाई कमी झाली तर चकती फिरतच नाही आणि सगळा खटाटोप फुकट. घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरे, ग्रीस नको, त्यात धूळ बसून चकती जाम होते. मूळ गिटारमध्ये तार तुटली की चकती निसटून पडू शकते. तुम्ही आस दोन्ही बाजूंनी अडकेल अशी खाच करा, ही मुळावरची सुधारणा खुशाल करावी.

तिसरे ठिकाण म्हणजे ट्रेमोलोचा टेकू, आणि या गिटारमधला सगळ्यात सुंदर भाग. तारा ज्या पोलादी पट्टीला अडकतात ती कठीण केलेल्या पोलादाच्या सुरीधारेवर डुलते. जुन्या तराजूची दांडी जशी धारेवर तोललेली असते, तेच तत्त्व. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा ढकलतात. या स्प्रिंगा दाबाच्या आहेत, फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारसारख्या ताणाच्या नाहीत. त्यांच्या मधून जाणारे बोल्ट फिरवून दाब कमी-जास्त होतो, आणि त्यासाठी गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या मागच्या बटणाशेजारी दोन भोके ठेवली आहेत. दांडा सायकलच्या सॅडलबॅगच्या धारकाचा.

धार कशी करायची? माइल्ड स्टीलची धार महिन्याभरात बोथट होते. कठीण पोलाद हवे. जुन्या मोठ्या कानशीचा तुकडा उत्तम, कारण तो आधीच कठीण आहे. तो पाण्यात बुडवत बुडवत ग्राइंडरवर घासा. निळा रंग चढला की कठीणपणा गेला, तेवढा भाग टाकून द्या. धारेचा कोन ६० अंश, ती जिथे टेकते त्या खाचेचा कोन ९० ते १२० अंश. धार वस्तऱ्यासारखी नको, तिचे टोक तेलाच्या दगडावर दोन हात मारून किंचित मोडा, नाहीतर पहिल्याच ताणाला ती तुटकी होते. धारेची पूर्ण लांबी एका रेषेत टेकली पाहिजे. काचेवर ठेवून मागून विजेरी मारा. उजेड दिसला तर अजून घासायचे आहे.

स्प्रिंगचा हिशेब करून मगच खाच कोरा. ००९ ते ०४२ च्या (जाडी इंचाच्या हजारांशांत) तारा २४ इंच लांबीवर सुरात लावल्या की सहांचा मिळून ताण साधारण ३४ किलो होतो. समजा तारा धारेच्या वर १२ मिमी आणि स्प्रिंगा धारेच्या खाली ३४ मिमी आहेत. मग दोन्ही स्प्रिंगांनी मिळून १२ किलो, म्हणजे एकीने ६ किलो ढकलायला हवे. (ही मापे मूळ गिटारची नाहीत, हिशेबाची रीत दाखवायला घेतली आहेत.) गॅरेजमधून जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणा आणि वजनकाट्यावर ठेवून ड्रिलस्टँडने दाबा. किती मिलिमीटरला किती किलो हे लिहून ठेवा. दर मिमीला एक ते दीड किलोच्या स्प्रिंगा या मांडणीला बऱ्या. तीन किलोच्या घेतल्यात तर अवघ्या २ मिमी दाबातच ६ किलो भरतात, दांडा जड लागतो आणि वर उचलला की स्प्रिंग मोकळी होऊन खडखडते. उलट फार मऊ घेतल्यात तर एक तार बोटाने ओढली की बाकीच्या पाच उतरतात. दोन्ही स्प्रिंगा एकाच इंजिनातल्या घ्या, वेगवेगळ्या घेतल्यास पट्टी तिरकी बसते.

विकतच्या बऱ्याच प्रतिकृतींमध्ये ही सुरीधार नसते, दोन खुंट्यांवरचा साधा स्ट्रॅट-धाटणीचा ट्रेमोलो असतो. दिसायला फरक पडत नाही, हाताला पडतो. तुमची मेहनत कुठेतरी कमी करायची असेल तर विनिअरमध्ये करा, इथे नको.

पिकअप. ब्रायन यांनी आधी स्वतःच गुंडाळले होते, एक्लिप्स कंपनीची बटणाएवढी लोहचुंबके आणि घरी केलेले गुंडाळणीचे यंत्र घेऊन. आवाज चांगला होता, पण चुंबकांचे ध्रुव शेजारी-शेजारी उलटसुलट होते: एक उत्तर वर, पुढचे दक्षिण वर. तार बोटाने बाजूला ओढली की ती एका ध्रुवावरून विरुद्ध ध्रुवावर सरकते आणि मध्येच आवाज विचित्र मोडतो. स्वतः गुंडाळणार असाल तर सहाही ध्रुव एकाच जातीचे वर ठेवा, होकायंत्राने तपासा. पण माझे मत स्पष्ट आहे: ट्राय-सॉनिक धाटणीचे विकत घ्या. त्यांच्या आत चपटी पट्टी-चुंबके आणि भोवती सैलसर वेटोळे असते, त्यामुळे आवाजात जो मोकळेपणा येतो तो स्ट्रॅटच्या पिकअपने येत नाही.

त्याच सैलसरपणामुळे ते मायक्रोफोनसारखे वागतात. मोठ्या आवाजात वेटोळे थरथरते आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. ब्रायन यांनी वेटोळ्यांत अराल्डाइट भरून ते बंद केले. अराल्डाइट आपल्या घराघरात असते, पण भरण्याआधी विचार करा: एकदा भरले की तुटलेली तार दुरुस्त होत नाही. भरण्यापूर्वी प्रत्येक पिकअपचा रोध मोजा, साधारण ७ किलोओम यायला हवा. हळू सुकणारे अराल्डाइट घ्या, पाच मिनिटांचे नको, ते आत मुरायच्या आत घट्ट होते. दोन भाग मिसळल्यावर उन्हात थोडे कोमट करा म्हणजे पातळ होऊन आत उतरते. परतीची वाट हवी असेल तर चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण ६५ अंशांवर वितळवून त्यात पिकअप वीस मिनिटे बुडवा. भांडे पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, थेट आचेवर मेण पेट घेते.

जोडणी हा या गिटारचा खरा आवाज आहे. बहुतेक गिटारांमध्ये पिकअप समांतर जोडलेले असतात, इथे तिन्ही एका माळेत आहेत. माळेत व्होल्टेजची बेरीज होते, वेटोळ्यांचे प्रेरणही वाढते, म्हणून मधले सूर भरदार होतात आणि अगदी वरची किनार मऊ होते. प्रत्येक पिकअपला दोन स्विच: एक चालू-बंद, दुसरा फेज (लहरीची दिशा) उलटवणारा. एकूण सहा. फेज उलटला की दोन पिकअपना समान ऐकू येणारे खालचे सूर एकमेकांना खोडतात आणि उरतो तो नाकातला, धारदार आवाज. मोजून पाहिले तर एकेकट्याचे ३, जोड्यांचे ६ आणि तिघांचे ४, असे १३ वेगवेगळे आवाज मिळतात. ब्रायन यांचा नेहमीचा आवाज ब्रिजजवळचा आणि मधला, दोन्ही एकाच फेजमध्ये.

सहाही स्विच सहा पायांचे सरकते घ्या. फेजच्या स्विचवर पिकअपच्या दोन वायरी मधल्या दोन पायांना. कोपऱ्यातले चार पाय तिरक्या दोन वायरींनी फुलीसारखे जोडा, आणि एका टोकाच्या दोन पायांवरून पुढे निघा. त्या दोन वायरींमध्ये चालू-बंदचा स्विच असा बसवा की ‘बंद’ केल्यावर दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या जातील. इथे हमखास चूक होते. समांतर जोडणीच्या सवयीने लोक ‘बंद’ म्हणजे वायर तोडणे असे करतात. माळेत एक मणी तोडला तर सगळी माळ तुटते आणि तिन्ही पिकअप गप्प होतात. मणी वळसा घालून टाळायचा असतो. आता पहिल्याची दुसरी वायर दुसऱ्याच्या पहिलीला, दुसऱ्याची दुसरी तिसऱ्याच्या पहिलीला. माळेचे एक टोक अर्थला (ग्राउंडला), दुसरे व्हॉल्यूमच्या पॉटला (फिरवून बदलायच्या रोधाला). मुळात व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही २२० किलोओमचे आहेत, बाजारात २५० सहज मिळतो आणि फरक कानाला कळत नाही. टोनला २२ किंवा ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पिकअपचे धातूचे झाकण वेगळ्या तिसऱ्या वायरीने अर्थला जोडा. अनेक विकतच्या पिकअपमध्ये झाकण वेटोळ्याच्या एका टोकाला आतूनच सोल्डर केलेले असते. माळेत ते टोक अर्थपासून वर उचललेले असते, फेज उलटल्यावर तर हमखास. मग झाकण अँटेना बनते आणि बोट लागले की भुणभुण वाढते. ‘काही ठरावीक स्थितींतच गुणगुण येते’ अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के कारण हेच. तो आतला सांधा काळजीपूर्वक सोडवा.

मधला पिकअप उलट गुंडाळणीचा आणि उलट ध्रुवाचा निवडा. तसे केले की ब्रिज आणि मधला एका फेजमध्ये वाजवताना विजेची गुणगुण आपोआप खोडली जाते. फेज कोणता हे ओळखायला काट्याचा जुना मल्टिमीटर लावा आणि स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवून झटकन उचला. तिन्हींवर काटा एकाच दिशेला उडाला तर ते एका फेजमध्ये आहेत. पण मधल्याचे ध्रुव उलटे असले तरी ही चाचणी बरोबरच येते, ती कशी याचा घोळ घालू नका. सुराचा फेज काटा दाखवतो, गुणगुणीचा नाही.

सगळे जोडल्यावर झाकण लावण्याआधी आउटपुटवर मल्टिमीटर धरा, व्हॉल्यूम पूर्ण. एक पिकअप चालू असताना ६.८ किलोओमच्या आसपास, दोन असताना १३, तिन्ही असताना १९. सरळ ७, १४, २१ येत नाही, कारण व्हॉल्यूमचा पॉट समांतर असतो. तिन्ही बंद केल्यावर शून्य. यातली एकही संख्या फार वेगळी आली तर पुढे जाऊ नका.

मुळात गिटारमध्येच एक फझचे (आवाज फाडणारे) सर्किट होते. ते पुढे काढले आणि त्याच्या स्विचचे भोक शिंपल्याच्या चांदणीने झाकले. ती चांदणी हवी असेल तर बसवा, फझ नको. पॉलिशबद्दल थोडक्यात: मुळाला रस्टिन्स कंपनीचे प्लास्टिक कोटिंग आहे, इथे पॉलिशवाल्याकडचे मेलामाइन किंवा पीयू चालते. पातळ हात, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पॉलिशपेपर. महोगनीवर लाल स्टेन जपून लावा, वर लॅकर आले की तो दोन छटा गडद होतो.

गिटारपुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारे पेडल) आणि व्हॉक्स एसी३० या अॅम्पचे नॉर्मल चॅनल, आवाज पूर्ण. बूस्टर नसेल तर ही गिटार घोगरी वाटते आणि लोक पिकअपना दोष देतात. माळेतल्या तीन वेटोळ्यांनी वरचे सूर मऊ केलेले असतात. बूस्टर खालचे सूर छाटून बाकीचे अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) जोरात आदळतो, त्यामुळे आवाज चिरफाळला तरी चिखल होत नाही. रेंजमास्टर या जुन्या ट्रेबल बूस्टरचे सर्किट घरी अर्ध्या दिवसात होते: ओसी४४ जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आत येताना ४.७ नॅनोफॅरड, बाहेर जाताना १०, बेसला ४७० आणि ६८ किलोओम, एमिटरला ३.९ किलोओम व त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० किलोओमचा पॉट. कलेक्टरवर सुमारे ७ व्होल्ट यावेत. त्याचा ग्राउंड धन बाजूला असतो, म्हणून इतर पेडलांच्या अ‍ॅडॉप्टरवर लावू नका, शॉर्ट होईल. ९ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी द्या. जर्मेनियमची गळती तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी जुळवलेला बूस्टर जानेवारीत वेगळा वाजेल, तेव्हा ६८ किलोओमच्या जागी १०० चा प्रीसेट घालून ठेवा. एसी३० घरात पूर्ण आवाजात लावणे अशक्य आहे. एका ईएल८४ व्हॉल्व्हचा ५ वॅटचा अ‍ॅम्प त्याच जातीचा, सोसायटीत चालेल असा. चिरफाळ कमी करायची ती गिटारच्या व्हॉल्यूमने, बूस्टर बंद करून नाही.

प्लेक्ट्रमऐवजी (तार छेडायच्या पट्टीऐवजी) ब्रायन सहा पेन्सचे नाणे वापरतात. कडेच्या दात्यांमुळे सुराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते, आणि नाणे वाकत नसल्याने बोटांची प्रत्येक हालचाल तारेपर्यंत पोहोचते. ते तांबे-निकेलचे, १९.४ मिमी व्यासाचे आहे. आपल्याकडचे जुने चाराण्याचे तांबे-निकेलचे नाणे १९ मिमीचे आणि दातेरी कडेचे, म्हणून अगदी जवळचे. गेंड्याचे चित्र असलेले चाराणे घेऊ नका, ते स्टीलचे आहे आणि तार लवकर खाते. ओळख सोपी: लोहचुंबकाला चिकटले तर स्टील.

तारा चढवण्याचा क्रम असा. आधी स्प्रिंगांचे बोल्ट अंदाजे अर्धे दाबा, दोन बाहेरच्या तारा लावा, मग आतल्या. सुरात आल्यावर ट्रेमोलोची पट्टी बॉडीला समांतर दिसेपर्यंत दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी पुन्हा सुरात लावा. पाच-सहा फेऱ्या होतात. ब्रिजच्या चकत्या बारीक तारेला ६०९.६ पेक्षा दीड मिमी आणि सर्वांत जाड तारेला ४ मिमी मागे ठेवून सुरुवात करा, मग बाराव्या फ्रेटचा दाबलेला सूर आणि हार्मोनिक जुळेपर्यंत सरकवा.

मग कसोटी. दांडा पूर्ण दाबा, सोडा, ट्यूनर पाहा. एकच तार चढलेली आली तर ती माथ्याकडच्या पट्टीच्या खाचेत किंवा चकतीवर अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासा, चकती फिरवून पाहा. तार बोटाने ओढून सोडल्यावर उतरलेली आली तरी कारण तेच, फक्त अडकण्याची दिशा उलट. सहाही तारा एकदम सारख्या सरकल्या तर तारांना हात लावू नका, दोष सुरीधारेत आहे. धार काढा, भिंगाखाली पाहा, चकाकणारा बोथट पट्टा दिसेल. तो दगडावर घासून पुन्हा बसवा. दांडा सलग वीस वेळा दाबून सहाही तारा दोन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत परतल्या की गिटार तयार आहे.